टनामागे पन्नास रुपये : कचरा डेपोशेजारच्या गावांचे देणे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुणे शहराचा कचरा गेली तीन दशकांहून अधिक काळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या शिवारात जाऊन पडला, आणि या काळात शहराकडून त्या गावांना जे काही मिळाले ते बहुतेक वेळा कचऱ्याच्या गाड्या अडवल्यानंतरच मिळाले. आंदोलन झाले की टँकरच्या फेऱ्या वाढतात, औषध फवारणी होते, रस्त्यावर डांबर पडते. गाड्या सुरू झाल्या की सगळे पुन्हा सैल होते. डेपोचा त्रास सोसणाऱ्या गावांना मिळणारा पैसा आंदोलनाच्या तडजोडीतून न येता कचऱ्याच्या वजनावरून, दर टनामागे ठरलेल्या दराने, दरवर्षी आपसूक जमा व्हावा, एवढीच माझी मागणी आहे आणि ती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी स्वतः त्या गावांचा रहिवासी नाही, कोथरूडचा आहे, आणि ही मागणी कोथरूडकरानेच करावी याला एक कारण आहे. शहराचा जुना कचरा डेपो आमच्याकडेच होता. आमच्या लहानपणी डेपोच्या बाजूने वारा सुटला की आई खिडक्या लावून घ्यायची, आणि वर घारींचे एक मोठे वर्तुळ दिवसभर फिरत असायचे. तेव्हा कोथरूडला मुलगी देताना लोक जरा विचार करत, असे जुनी मंडळी अजून हसत हसत सांगतात. पुढे वस्ती वाढली, तक्रारी वाढल्या, तो डेपो बंद झाला आणि शहराचा कचरा सासवड रस्त्याच्या दिशेने निघून गेला. आज त्या जागेवर मेट्रोच्या गाड्यांचा डेपो उभा आहे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय हा मार्ग सुरू झाला, तेव्हा आमच्या भागातल्या सदनिकांच्या किमतींची चर्चा वर्तमानपत्रांत रकाने भरभरून झाली. रिक्षावाल्याला ‘जुन्या कचरा डेपोपाशी’ म्हटले की मात्र अजूनही पटकन कळते. सांगायचे ते एवढेच की, आमचा त्रास संपला तो कचरा संपल्यामुळे नव्हे; तो दुसऱ्याच्या दारात गेल्यामुळे. ज्याच्या दारात तो गेला त्याचे आमच्याकडे काही देणे निघते की नाही, हा प्रश्न आम्ही कोथरूडकरांनी स्वतःला कधी विचारला नाही.

मला तो विचारावा लागला एका जेवणाच्या निमित्ताने. फुरसुंगीच्या बाजूला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याने जत्रेला घरी बोलावले होते. मंतरवाडीच्या पुढे आल्यावर दुचाकीवरच्या माणसांनी तोंडाला रुमाल बांधलेले दिसू लागले, आणि वळणावर रस्त्याचा एक पट्टा कोरड्या उन्हातही ओला आणि चिकट होता. कचऱ्याच्या गाड्यांतून गळणारे पाणी तिथे सांडते आणि त्यावरून दुचाक्या घसरतात, असे चहाच्या टपरीवाल्याने न विचारता सांगितले. घरी पंगत बसली ती अंगणात नव्हे, आतल्या खोलीत, दाराला जाळी लावून. ताट वाढले की त्यावर दुसरे ताट पालथे घालायचे, घास घ्यायचा तेवढे उचलायचे, पुन्हा झाकायचे. घरातली लहान मुलेसुद्धा हे इतक्या सवयीने करत होती की, पाहुणा म्हणून मीच वेंधळा ठरलो. माशा हा त्या घरी बोलण्याचा विषयच उरलेला नव्हता. जेवणानंतर सहकाऱ्याने मागची विहीर दाखवली. पोहरा वर आला तेव्हा पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि वर तेलकट तवंग होता. ‘शेळीसुद्धा तोंड लावत नाही,’ तो म्हणाला, आणि पोहरा तिथेच ओतून टाकला. त्या विहिरीच्या जोरावर त्याच्या आजोबांनी ऊस काढला होता.

संपादक महोदय, ही एका घरची कहाणी म्हणून मी सांगत नाही. त्या परिसरातल्या दूषित विहिरी, टँकरवर भागणारी तहान आणि कचऱ्याला लागणाऱ्या आगी यांबद्दल आपल्या वर्तमानपत्रांनी इतके छापले आहे की, तेवढ्याच रद्दीचा एक छोटा डेपो व्हावा. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या कचऱ्याला मोठी आग लागली, धुराने गावे हैराण झाली, आणि ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ शहराच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. पुण्यात चौकाचौकांत कचरा साचला, तेव्हा कुठे शहराला त्या गावांची नावे नीट पाठ झाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर बैठक होऊन आंदोलन मागे घेतले गेले. मागण्या त्याच होत्या ज्या आधीच्या आंदोलनांत होत्या : उघड्यावर कचरा टाकणे बंद करा, पिण्याचे पाणी द्या, रस्ते करा, दवाखाना द्या, जमिनी गेलेल्यांच्या वारसांना नोकऱ्या द्या. प्रत्येक आंदोलनाला तीच यादी पुन्हा लिहावी लागते, याचा अर्थ आधीच्या वेळी दिलेले शब्द हे केवळ शब्द होते. त्यांच्यामागे कुठलेही खाते नव्हते, कुठलाही दर नव्हता आणि कुठलीही तारीख नव्हती.

या साऱ्यात एक मूलभूत गफलत आहे आणि तिच्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आपल्याकडे एखाद्या प्रकल्पाने बाधित कोण, याचे उत्तर जमिनीच्या सातबाऱ्यावरून शोधले जाते. डेपोसाठी सुमारे १६३ एकर जमीन गेली; ज्यांची गेली ते प्रकल्पग्रस्त. त्यांचे प्रश्न खरेच आहेत आणि ते सुटलेच पाहिजेत. परंतु कचरा डेपो हे धरणासारखे नाही. धरण जेवढी जमीन बुडवते तेवढ्यांना उठवते. डेपो कोणालाही उठवत नाही आणि बुडवतो मात्र आजूबाजूच्या सगळ्यांना. ज्याची एक गुंठाही जमीन संपादित झाली नाही पण ज्याची विहीर गेली तो शेतकरी, भेकराईनगरात भाड्याच्या खोलीत राहणारे आणि हडपसरच्या कारखान्यांत कामाला जाणारे कुटुंब, तिथल्या शाळेत शिकणारी मुले, रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई, यांपैकी कोणीही कागदोपत्री बाधित नाही. वास, धूर, माशा आणि जमिनीखालून सरकणारे काळे पाणी हे सातबारा बघून थांबत नाही. त्यामुळे वारसाला नोकरी हे एका अन्यायाचे उत्तर झाले. वस्तीला लागलेल्या पिडेचे उत्तर वस्तीलाच द्यावे लागेल, आणि ते सामूहिक निधीच्या रूपानेच देता येते.

कायद्यालाही ही गोष्ट पुरती उमगलेली दिसत नाही. कचराभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलाची उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी नियमित तपासणी करावी, ही तरतूद २००० च्या नियमांत होती, तीच २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही आली. पन्नास मीटर म्हणजे क्रिकेटच्या मैदानाच्या मध्यापासून सीमारेषासुद्धा नाही. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपलेले पाणी भूगर्भातल्या भेगांमधून उताराकडे किती लांब जाते हे दख्खनच्या खडकात विहिरी खोदणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारावे. कचराभूमी बंद केल्यावर किमान १५ वर्षे तिची देखभाल करावी, हेही त्याच नियमांत होते. म्हणजे नियमकर्त्यांना हे ठाऊक होते की शेवटची गाडी रिकामी झाली म्हणून त्रास संपत नाही. मग त्या १५ वर्षांत शेजारच्या माणसाने पाणी कुठून प्यावे, याची तजवीज करणारे एखादे कलमही त्यांना सुचायला हवे होते.

त्यात आता हद्दीचा प्रश्न आला आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी ११ गावे पुणे महापालिकेत आली त्यांत ही दोन्ही गावे होती. शहराचा कचरा सोसणारे गाव शहराचाच भाग झाले, म्हणजे आता तरी अंदाजपत्रकात त्याला हक्काचे पान मिळेल, अशी आशा अनेकांना वाटली. प्रत्यक्षात मिळकतकराची बिले लवकर आली आणि सुविधा रेंगाळल्या, अशी तिथल्या लोकांची तक्रार राहिली. आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची अशी स्वतंत्र नगर परिषद झाली. तो निर्णय योग्य की अयोग्य, या वादात मी शिरत नाही. मात्र त्याचा एक परिणाम सरळ आहे. डेपो शहराचा, कचरा शहराचा आणि गाव दुसऱ्या नगर परिषदेचे, अशी आता स्थिती आहे. महापालिकेच्या उद्याच्या नगरसेवकाला त्या गावातून एकही मत मिळायचे नाही. अशा गावासाठी सभागृहात कोण बोलणार? जोवर गाव शहरात होते तोवर सद्भावनेवर थोडेफार काम होण्याची शक्यता होती. आता कराराशिवाय आणि कायद्याच्या आधाराशिवाय पैसा हद्द ओलांडणार नाही. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली, त्यामुळे उभे राहून जाब विचारण्याची जी एक जागा होती तीही उरली नाही.

हे काही नवे, अघटित मागणे आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने चंद्रपूर-नागपूरकडे पाहावे. खाणीच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आपल्या देशाने २०१५ मध्येच कायदा केला. खाणधारकाने सरकारला स्वामित्वधन (रॉयल्टी) भरायचेच, शिवाय त्याच्या काही टक्के रक्कम, जुन्या पट्ट्यांसाठी ३० आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के, जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा करायची, आणि ती खाणबाधित भागातच खर्च व्हायची. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने त्यातला मोठा हिस्सा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण यांसाठी राखून ठेवला. या निधीतून खाणीपासून लांबचे रस्ते आणि इमारती झाल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत, हे मी विसरलेलो नाही. पण तत्त्व मान्य झाले आहे, आणि ते नेमके आमच्या कामाचे आहे : जमिनीतून कोळसा काढणारा शेजारच्या गावाला दर टनामागे देणे लागतो. मग जमिनीत कचरा घालणारा का लागत नाही? कोळसा काढताना निदान काही मौल्यवान वस्तू बाहेर येते आणि काहींना रोजगार मिळतो. आम्ही त्या गावाला खरकटे, डायपर आणि फुटक्या ट्यूबलाइटी पाठवतो.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९६ पासून कचरा पुरण्यावर टनामागे कर आहे, आणि त्याच्या जोडीलाच पहिल्या दिवसापासून एक अशी सोय होती की, कचराभूमी चालवणाऱ्या कंपनीने परिसरातल्या लोकोपयोगी कामांना देणगी दिली तर तिचा बराच मोठा भाग करातून वळता होतो. साधारण दहा मैलांच्या आतली गावे यात धरली जातात. पुढे वेल्सला आपला स्वतंत्र कर मिळाला, तेव्हा एप्रिल २०१८ पासून त्यांनी यात महत्त्वाची सुधारणा केली. देणगी कोणाला द्यायची हे कंपनीने ठरवायचे नाही. करातला वाटा सरकारकडून एका स्वयंसेवी क्षेत्रातल्या शिखर संस्थेकडे जातो, आणि कचराभूमी किंवा कचरा हस्तांतरण केंद्रापासून (छोट्या गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरण्याच्या जागेपासून) पाच मैलांच्या आतली छोटी मंडळे, क्लब, संस्था तिच्याकडे थेट अर्ज करतात. या दुसऱ्या रचनेत मला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे हस्तांतरण केंद्रसुद्धा त्यांनी त्रासदायक मानले आहे. आपल्याकडे ज्याला आपण ‘रॅम्प’ म्हणतो, त्याच्याशेजारी राहणाऱ्या पुणेकरांनी हे वाचून सुस्कारा सोडावा. दुसरी म्हणजे अंतर ठरलेले आहे, त्यामुळे कोण बाधित यावर दरवर्षी वाद नाही. मात्र तिथला पैसा बव्हंशी बागा, सभागृहे, पक्षी आणि फुलपाखरे यांवर खर्च होतो, कारण तिथल्या माणसाच्या नळाला स्वच्छ पाणी आधीपासूनच येते. आपण त्यांची नक्कल करायला गेलो तर डेपोशेजारी कारंजे आणि सेल्फी पॉइंट उभा राहील, आणि विहीर आहे तशीच राहील. म्हणून रचना त्यांच्याकडून घ्यावी आणि खर्चाची यादी गावाकडून.

आता हिशेब. पुणे शहरात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा गोळा होतो. यातला मोठा भाग आज शहरातल्या निरनिराळ्या प्रकल्पांत प्रक्रियेसाठी जातो आणि सगळाच डेपोवर पडत नाही, हे मला माहीत आहे. तरीही दर आकारायचा तो संपूर्ण कचऱ्यावर, कारण गावांनी सोसले आहे ते तीन दशकांच्या कचऱ्याचे ओझे आहे, फक्त आजच्या गाडीचे नव्हे. आणि फक्त डेपोवर येणाऱ्या कचऱ्यावर दर लावला तर जसजसा कचरा कमी होईल तसतसा निधी आटेल, पण विहिरीतला रंग तेवढ्या लवकर जाणार नाही. टनामागे ५० रुपये धरले तर दोन हजार टनांचे दिवसाला एक लाख आणि वर्षाला ३ कोटी ६५ लाख रुपये होतात. किलोला हे पाच पैसे पडतात. रोज दोन किलो कचरा करणाऱ्या माझ्यासारख्या कुटुंबाला वर्षाचे ३६ रुपये ५० पैसे. घरोघरी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना आपण जे मासिक शुल्क देतो, त्याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी, म्हणजे ती किती किरकोळ आहे हे कळेल. या आकड्याकडे पाहून कोणी म्हणेल की, पावणेचार कोटींत काय होणार? मोठी पाणीयोजना होणार नाही, हे खरे आहे, आणि ती या निधीतून करूही नये; ती शासनाची जबाबदारी आहे आणि या निधीचे निमित्त करून तिच्यातून अंग काढून घेऊ देता कामा नये. पण दर तिमाहीला दोन-अडीचशे विहिरी आणि कूपनलिकांची तपासणी, तिचा निकाल चावडीवर लावणे, ज्यांचे पाणी नापास होईल त्यांना त्याच आठवड्यात पर्यायी पाणी, श्वसनाच्या आणि त्वचेच्या विकारांसाठी कायमचा एक दवाखाना, शाळांच्या खिडक्यांना जाळ्या, रस्त्यावर सांडलेले काळे पाणी रोजच्या रोज धुणारी एक गाडी, एवढे निश्चित होईल. हे सगळे करायला नवा शोध लावावा लागत नाही. नियमित पैसा लागतो आणि तो कुठून येणार हे आधी ठाऊक असावे लागते.

नियमित हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. महापालिकेच्या कारभाराशी थोडाबहुत परिचय असलेल्या कोणालाही ‘वर्गीकरण’ या शब्दाचे दोन अर्थ माहीत असतात. एक ओल्या-सुक्या कचऱ्याचे, जे नागरिकांनी करायचे असते आणि बरेच जण करत नाहीत. दुसरे अंदाजपत्रकातल्या तरतुदींचे, म्हणजे एका कामाचा पैसा ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणे, जे वर्षअखेरीस मोठ्या तत्परतेने होते. गावांसाठी केलेली तरतूद या दुसऱ्या वर्गीकरणात मार्च महिन्यात कुठल्यातरी पदपथाच्या फरशांखाली जाऊ नये, यासाठी हा निधी महापालिकेच्या अंदाजपत्रकातले एक शीर्ष म्हणून न ठेवता स्वतंत्र खात्यात जमा व्हायला हवा, आणि तो दर महिन्याला वजनकाट्याच्या नोंदीवरून जमा व्हायला हवा. वजनकाट्याचा आकडा रोज सार्वजनिक करावा. याचा एक आडफायदाही आहे. आज ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, त्यामुळे टन वाढवून दाखवण्यात कोणाचे तरी हित असू शकते. उद्या त्याच टनावर शहराला देणे लागू झाले तर आकडा तपासणारा एक डोळा शहराच्या तिजोरीचा असेल आणि दुसरा गावाचा.

खर्च कोणी ठरवायचा? माझ्या मते नगर परिषदेने एकटीने नव्हे, आणि महापालिकेने तर नव्हेच. निश्चित केलेल्या अंतरातल्या सर्व प्रौढ रहिवाशांची, भाडेकरूंसह, वर्षातून दोनदा सभा व्हावी, तिने कामांचा क्रम लावावा, आणि पाणी भरणाऱ्या बायांचे म्हणणे त्या सभेत आधी ऐकले जावे, कारण कोणत्या दिवशी पाण्याला वास येतो हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नसते. अंतर मोजताना कंपासने नकाशावर वर्तुळ मारून भागणार नाही. भूजल सर्वेक्षणाने उताराची दिशा पाहून आधी त्या बाजूच्या विहिरी घ्याव्यात. लाभ घरटी रोख वाटू नये, असे मला वाटते, आणि याबद्दल तिथल्या काही मित्रांशी माझे मतभेद आहेत. त्यांचे म्हणणे असे की, सामूहिक कामात ठेकेदार खातो, हातात आलेला पैसा निदान आपला असतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? तरीही रोख रक्कम घरमालकापर्यंत जाते आणि भाडेकरूपर्यंत जात नाही, आणि शिवाय तिने पाणी स्वच्छ होत नाही.

या कल्पनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मला तिथल्याच एका कार्यकर्त्याकडून ऐकायला मिळाला. ‘तुम्ही आम्हाला भाडे द्यायला निघालात,’ ते म्हणाले. ‘एकदा भाडे घेतले की, जागा खाली करा म्हणायचा हक्क जातो.’ हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. पैसे मोजून घाण टाकण्याचा परवाना मिळाला, असे शहराला वाटू लागले तर ही योजना अपायकारकच ठरेल. त्यासाठी करारातच दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतील. पहिली अशी की, निधी घेतल्याने कोणाचाही न्यायालयात किंवा हरित न्यायाधिकरणात जाण्याचा, नुकसानभरपाई मागण्याचा वा आंदोलन करण्याचा हक्क कमी होत नाही. दुसरी अशी की, विनावर्गीकरण किंवा विनाप्रक्रिया डेपोवर आलेल्या प्रत्येक टनाला साध्या दराच्या दहापट दर लागेल. मग ५० रुपयांचा टन ५०० रुपयांना पडेल आणि त्या दिवशीची नोंद स्थायी समितीपुढे येईल. भाडे वाढवत नेले की भाडेकरू आपोआप जागा शोधू लागतो, हे आम्हा पुणेकरांना कोणी शिकवायला नको.

हरित न्यायाधिकरणाच्या मार्गाने हे का होत नाही, असेही कोणी विचारेल. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातच आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने घनकचरा व सांडपाण्याच्या गैरव्यवस्थापनाबद्दल महाराष्ट्र शासनाला १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठरवून दिली होती. परंतु अशी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून प्रक्रिया आणि सुधारणेच्या कामांवर वापरायची असते. ते आवश्यकच आहे. तरी ज्याच्या घरी ताटावर ताट झाकून जेवावे लागते, त्याच्यापर्यंत ती वाट जात नाही.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला आणि जानेवारी २०१६ च्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. छत्रपती संभाजीनगरात नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या अडवल्या आणि महिनाभर शहर कचऱ्यात बसले. म्हणून टनामागचा हा दर एखाद्या महापालिकेच्या मर्जीवर न सोडता राज्य शासनाने सर्व महापालिकांना लागू करावा. पुण्यातही, रामटेकडीसारख्या ज्या भागांत प्रक्रिया प्रकल्प आहेत आणि लोक वासाने त्रासले आहेत, त्यांना त्यांच्याकडे जाणाऱ्या टनांचा वाटा मिळावा. उद्या कोथरूडमध्ये प्रकल्प आला तर आम्हालाही मिळावा. कदाचित मग प्रत्येक प्रकल्पाला प्रत्येक प्रभागातून ‘आमच्याकडे नको’ एवढेच एक उत्तर येणार नाही.

शासनाचा निर्णय व्हायला वेळ लागेल, म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव मांडला की, आपल्या बावीस घरांनी वर्षाचे प्रत्येकी ३६ रुपये ५० पैसे आपणहून बाजूला काढावेत आणि अशी योजना होईपर्यंत ते स्वतंत्र खात्यात ठेवावेत. सगळे मिळून ८०३ रुपये होतात. रकमेला कोणाचा विरोध नव्हता. एका सभासदाने विचारले की, मग आपण आपल्या आवारातला ओल्या कचऱ्याचा बंद पडलेला खड्डा दुरुस्त का करत नाही, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय आपण कोणाला पैसे देऊन काय सांगणार आहोत. यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. ठराव तहकूब झाला आहे. खड्ड्यासाठी गवंडी पुढच्या रविवारी येणार आहे, आणि त्यानंतरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ८०३ रुपयांचा विषय पहिला आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे